ऑनलाइन हिऱ्याचा फोटो कसा वाचायचा: नाशिकमधून पहिला सुटा खडा मागवणाऱ्यांसाठी

मी दागिन्यांचे फोटो काढते. अशोक स्तंभाजवळ दहा बाय बाराची खोली, दोन लाइट, एक मॅक्रो लेन्स आणि सराफ बाजारातून येणाऱ्या डब्या, एवढाच माझा पसारा. त्याआधी लग्नाचे अल्बम केले, त्याच्याही आधी द्राक्ष निर्यात करणाऱ्यांच्या पेट्यांचे फोटो. एवढं असूनही धाकट्या भावाच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी पहिल्यांदा सुटा हिरा ऑनलाइन मागवला, तेव्हा फोटोला फसले ती मीच.

खडा ५० सेंटचा, म्हणजे अर्ध्या कॅरेटचा, गोल. वेबसाइटवर पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर असा काही उजळलेला की बाकीचे बघावेसेही वाटेनात. त्याच वजनाच्या इतर खड्यांपेक्षा स्वस्तही होता. इंदिरानगरला घरी पार्सल आलं. आईने तो स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली धरला आणि विचारलं, "हा मधेच असा राखाडी का गं? फोटोत तर नव्हता." सर्टिफिकेटचा नंबर जुळत होता, वजन जुळत होतं, रंग आणि शुद्धता जुळत होती. विकणाऱ्याने एक अक्षरही खोटं लिहिलेलं नव्हतं. फोटोही त्याच खड्याचा होता. तरी हातातला हिरा वेगळाच. परत पाठवताना "पाकिटाचं सील तुटलंय" म्हणून तीन आठवडे मेलामेली झाली, ती वेगळीच.

दुसरा खडा घेताना मात्र मी फोटो काढणारीच्या डोक्याने फोटो बघितला. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते.

आधी जवळ काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. बाजारात याला लूप किंवा आयग्लास म्हणतात. साधं चालेल.
- हिरे धरायचा चिमटा. नसेल तर खडा दोन बोटांच्या बेचक्यात धरता येतो, पण बोटांचं तेल लागतं.
- एक पांढरं व्हिजिटिंग कार्ड आणि काळ्या कापडाचा तुकडा.
- मिलिमीटरची फुटपट्टी.
- खड्याच्या ग्रेडिंग रिपोर्टचा, म्हणजे प्रयोगशाळेने दिलेल्या सर्टिफिकेटचा नंबर आणि तो नंबर प्रयोगशाळेच्या स्वतःच्या वेबसाइटवर टाकून उतरवलेली प्रत. विक्रेत्याने पाठवलेल्या पीडीएफवर भागवू नका.
- रक्कम २ लाखांच्या वर जात असेल तर पॅन कार्ड.
- आणि घरातली एक खिडकी, जिच्यातून थेट ऊन येत नाही. ही सगळ्यात उपयोगी वस्तू आहे.

१. फोटोत हिरा कमी आणि खोली जास्त असते, हे आधी पटवून घ्या

वाटी, पुस्तक, बटाटा यांचा फोटो काढला की ती वस्तू दिसते. हिऱ्याचं तसं नाही. गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक पैलू आरशासारखा वागतो. हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४२ च्या आसपास आहे, म्हणजे काचेपेक्षा बराच जास्त. त्यामुळे आत शिरलेला प्रकाश तळाच्या पैलूवर लंबापासून सुमारे २४.४ अंशांपेक्षा जास्त तिरका आदळला, की त्याला तिथून बाहेर पडता येत नाही. तो आतल्या आत उलटतो आणि वरून तुमच्या डोळ्यांत येतो. यालाच जुनी माणसं हिऱ्याचं पाणी म्हणत आली.

आता हे आरसे दाखवणार काय? समोर जे असेल ते. समोर पांढरा तंबू असेल तर पांढरं. समोर काळी लेन्स असेल तर काळं. गोल हिऱ्याच्या फोटोत जे आठ काळे बाण दिसतात आणि ज्यांना लोक डाग समजतात, ते कॅमेऱ्याचंच प्रतिबिंब असतं. उलट ते बाण नीट आणि एकसारखे दिसले तर पैलू नीट पाडलेत असं समजा.

रामकुंडावर संध्याकाळी कधी गेला असाल तर आठवा. अंधार पडलेला, पाण्यात सोडलेले दिवे छोटे छोटे, आणि पाणी मात्र लखलखतं. तेच पाणी दुपारी ढगाळ आभाळाखाली नुसतं पांढुरकं. पाणी तेच असतं. हिऱ्याचंही असंच आहे. अंधाऱ्या जागेत छोटे, तीव्र दिवे असले की रंगीत ठिणग्या उडतात. दुकानात छतावर बारके स्पॉटलाइट असतात ते याचसाठी. सगळीकडून मऊ, पसरलेला उजेड आला की ठिणग्या जातात आणि नुसता पांढरेपणा राहतो. ऑफिसातली ट्यूबलाइट ही हिऱ्याची शत्रूच. अंगठी मात्र दिवसाचे आठ तास तिथेच असते.

२. समोर आहे तो फोटो कुठल्या जातीचा, ते ओळखा

ऑनलाइन चार प्रकार भेटतात.

पहिला, प्रातिनिधिक चित्र. हा खड्याचा फोटोच नाही, संगणकावर काढलेला नमुना आहे. खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. दोन वेगवेगळ्या रिपोर्ट नंबरांना हुबेहूब तेच चित्र असेल तर ओळखायला वेळ लागत नाही. असा खडा मी यादीतून सरळ काढून टाकते.

दुसरा, सुट्या खड्याचा खरा फोटो किंवा गोल फिरणारा व्हिडिओ. आपल्याला हवा तो हाच. हा व्हिडिओ म्हणजे खडा फिरत्या ताटलीवर ठेवून एकापाठोपाठ काढलेल्या फोटोंची मालिका असते. म्हणून तो आपोआप फिरू देऊ नका. बोटाने ओढून एकेक फ्रेम पुढे न्या.

तिसरा, घडवलेल्या अंगठीचा जाहिरातीतला फोटो. इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. अंगठीचा फोटो काढला की कोंदणातल्या हिऱ्यात अख्खी खोली दिसते, माझे हातसुद्धा. मग तो भाग काढून त्या जागी आधीच तयार असलेल्या, सुबक हिऱ्याचं चित्र बसवलं जातं. अख्ख्या जगात दागिन्यांचे फोटो असेच सजवतात आणि जाहिरातीपुरती त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते. पण त्यावरून तुम्हाला मिळणारा खडा जोखणं म्हणजे लग्नपत्रिकेवरच्या गणपतीवरून नवरदेव पसंत करण्यासारखं आहे.

चौथा, हातात घातलेल्या अंगठीचा फोटो. याचं पुढे बोलते.

एक उपयोगाची गोष्ट अशी: बऱ्याच वेबसाइटवरचे सुटे खडे त्यांच्या स्वतःच्या तिजोरीत नसतात. सुरत-मुंबईच्या पुरवठादारांची एकच यादी अनेक जण दाखवतात. म्हणून रिपोर्ट नंबर टाकून शोधा. तोच खडा, तोच व्हिडिओ, दुसरीकडे वेगळ्या किमतीला सापडू शकतो.

३. खालून लाइट आहे का, ते बघा

माझा खडा इथेच निसटला, म्हणून यावर जरा थांबते.

चांगला कापलेला हिरा वरून आलेला प्रकाश वरच परत देतो. तळ फार खोल किंवा फार उथळ असेल तर काही प्रकाश खालून गळून जातो. ज्या भागातून प्रकाश गळतो तो भाग खिडकीसारखा वागतो, म्हणजे त्यातून हिऱ्याच्या मागचं दिसतं. आता खडा दुधी काचेवर ठेवला आणि त्या काचेखाली दिवा लावला, तर गळतीच्या जागेतून काय दिसेल? पांढराशुभ्र उजेड. जी जागा मेलेली, तीच फोटोत सगळ्यात उजळ. स्वच्छ पांढरी पार्श्वभूमी मिळावी म्हणून आम्ही फोटोवाले सर्रास खालून लाइट देतो. त्यात फसवायचा हेतू असतोच असं नाही. पण खड्याचा दोष आपोआप झाकला जातो. तोच खडा बोटावर आला की मागे कातडी आणि सावली, म्हणून मधे राखाडी.

फोटोवरून हे कसं ओळखायचं? पार्श्वभूमी अगदी कागदासारखी पांढरी आणि खड्याखाली सावलीचा मागमूसही नाही, तर खालून लाइट आहे असं धरून चाला. मग खड्याच्या आत बघा. गडद आणि उजळ भागांची ठळक, नेमकी नक्षी आहे, की सगळं सरसकट पांढरं धुऊन निघालंय? नक्षी नसलेला पांढरेपणा मला आता संशयास्पद वाटतो. काळ्या पार्श्वभूमीवर नेमकं उलट होतं, गळतीची जागा काळी पडते. म्हणून त्याच खड्याचा काळ्या पार्श्वभूमीवरचा फोटो मागा आणि दोन्ही शेजारी ठेवा. मधला भाग दोन्हींत फार बदलला तर तो खडा सोडा.

यासाठी खास साधनंही आहेत. आयडियल-स्कोप नावाच्या नळीतून काढलेल्या फोटोत परत येणारा प्रकाश लाल दिसतो आणि गळती पांढरी. एसेट नावाच्या दुसऱ्या साधनात लाल, हिरवा, निळा असे भाग दिसतात. गोल खड्यात लाल भरपूर आणि निळी नक्षी समप्रमाण असावी. विक्रेत्याकडे असे फोटो असतील तर ते शंभर सुंदर फोटोंपेक्षा मोलाचे. छोट्या विक्रेत्यांकडे बहुधा नसतात, आणि नसले म्हणजे माणूस खोटा असंही नाही.

४. रंग फोटोवरून ठरवू नका, अजिबात

हिऱ्याच्या रंगाची श्रेणी डीपासून झेडपर्यंत जाते. डी म्हणजे बिनरंगी, पुढे हळूहळू पिवळसर झाक. प्रयोगशाळेत ही श्रेणी ठरवताना हिरा उलटा, टेबल खाली करून ठेवतात आणि ठरावीक उजेडात नमुन्याच्या खड्यांशी ताडून बघतात. टेबल म्हणजे वरचा सपाट पैलू. फोटो मात्र वरून काढलेला, जिथून रंग सगळ्यात कमी जाणवतो.

त्यात कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स. एक कळ सरकवली की जे-रंगाचा खडा जीसारखा दिसतो. हे करायला मला चार सेकंद पुरतात. फोटोतली पार्श्वभूमी किंचित निळसर आहे का ते बघा. असेल तर खड्यातली पिवळी झाकही तेवढीच खाऊन टाकलेली आहे. एकाच विक्रेत्याचे, एकाच पेटीत काढलेले दोन फोटो एकमेकांशी ताडता येतात. दोन वेगळ्या विक्रेत्यांचे येत नाहीत.

रंगासाठी रिपोर्टवर विश्वास ठेवा. आणि पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर आय किंवा जे घ्यायला कचरू नका. सोन्याचाच पिवळेपणा खड्यात उतरतो, मग डीचे पैसे कशाला मोजायचे?

५. काळा ठिपका दिसला म्हणून घाबरू नका, पण तो कुठे आहे ते शोधा

हिशेब करून बघा. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटरचा. फोनच्या पडद्याची रुंदी ६५ ते ७० मिलिमीटर. म्हणजे खड्याने पडदा भरला की तुम्ही तो दहापट मोठा बघताय, आणि प्रयोगशाळाही शुद्धता दहापटीवरच ठरवते. पाच मिलिमीटरचा अर्धा कॅरेट असेल तर तेरापट. लॅपटॉपवर तर पंचवीस-तीसपटही होतं. पडद्यावर झुरळाएवढा वाटणारा ठिपका बोटावर कोणालाच दिसणार नाही, असं पुष्कळदा होतं. शुद्धतेच्या पायऱ्या वरून खाली व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय अशा उतरतात. व्हीएस-२ चा खडा मोठा करून बघितला आणि भीतीने व्हीव्हीएस घेतला, असे लोक माझ्या ओळखीत आहेत. आणखी एक गंमत म्हणजे तळाच्या टोकाजवळ एकच ठिपका असला तर तो पैलूंच्या आरशांत पाच-सहा वेळा दिसतो. त्यामुळे मोजताना फसायला होतं.

उलट बाजूही आहे. मॅक्रो लेन्सने जवळून काढताना फार थोडी जाडी स्पष्ट येते. टेबलवर फोकस असेल तर खालचे डाग विरघळून जातात. एखाद्या पैलूवर चकाकी आली तर तिच्यामागचं झाकलं जातं. म्हणून व्हिडिओ फ्रेम-फ्रेम पुढे न्यायचा. धुळीचा कण समजून फोटो साफ करणाऱ्याने खड्यातलाच डाग पुसून टाकला, असंही होतं. एकदा माझ्या हातून झालंय. दुकानाच्या मालकांनी हसून फोटो परत पाठवला आणि "ताई, आमचा एसआय तुम्ही व्हीएस केला" म्हणाले.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे रिपोर्टवरचा नकाशा. मोठ्या रिपोर्टवर खड्याची रेखाकृती असते. जीआयए या प्रयोगशाळेच्या नकाशात आतले डाग लाल रेघेने आणि पृष्ठभागावरचे हिरव्याने दाखवतात. नकाशातला डाग व्हिडिओत त्याच जागी सापडला की खडा तोच याचीही खात्री पटते. लहान खड्यांच्या छोट्या रिपोर्टवर हा नकाशा नसतो, तिथे गर्डलवरच्या कोरीव नंबरावर भिस्त ठेवावी लागते. गर्डल म्हणजे हिऱ्याची कंबर. तिच्यालगत केसासारखी चीर असेल तर मात्र टाळा. कोंदणात बसवताना तिथेच दाब येतो.

६. धुरकटपणा फोटोत पकडता येत नाही

काही खडे स्वच्छ असूनही साय आल्यासारखे दिसतात. हे फोटोत लपवणं सगळ्यात सोपं, कारण कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला की साय जाते. आणि फोनचे कॅमेरे तर न विचारताच तो वाढवतात. व्यापारात बीजीएम असा शब्द आहे, म्हणजे ब्राउन, ग्रीन, मिल्की. विक्रेत्याला थेट विचारा, "बीजीएम आहे का? नो बीजीएम असेल तर तसं लिहून द्या." हा शब्द वापरला की पलीकडचा माणूस जरा सरळ बसतो.

रिपोर्टच्या तळाशी शेरे असतात, तेही वाचा. शुद्धतेची श्रेणी नकाशात न दाखवलेल्या ढगांवर (अतिबारीक ठिपक्यांच्या पुंजक्यांवर) आधारलेली आहे, अशा अर्थाचा शेरा एसआय दर्जाच्या खड्यावर दिसला तर धुरकटपणाची शक्यता धरून चाला. तीव्र निळं फ्लुरोसन्स असलेला, म्हणजे अतिनील किरणांत निळा चमकणारा खडाही उन्हात कधीकधी तेलकट दिसतो. कधीकधीच, सगळे तसे नसतात, आणि ते स्वस्त मिळतात. पण स्टुडिओच्या एलईडी दिव्यांत अतिनील किरण जवळपास नसतात, म्हणून फोटोत हे कळणार नाही.

७. चमक बघायची तर फोटोऐवजी आकडे बघा

गोल खड्यासाठी मी हे ध्यानात ठेवते (टक्के खड्याच्या व्यासाचे): टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ५९ ते ६२.५ टक्के, वरच्या भागाचा कोन ३४ ते ३५ अंश, तळाचा कोन ४०.६ ते ४१ अंश. याच्या जरासं बाहेर म्हणजे वाईट असं नाही. पण माझ्या पहिल्या खड्याची खोली ६४ टक्क्यांच्या वर होती आणि रिपोर्टवर कट नुसता 'गुड' लिहिलेला होता. ते माझ्यासमोर होतं. मी फोटो बघत बसले. नैसर्गिक हिऱ्यात गोलासाठी 'एक्सलंट'खाली पहिल्या खरेदीत उतरू नका. शुद्धतेतली एक पायरी सोडली तरी चालेल.

ओव्हल, पेअर, मार्कीज या लांबट आकारांची भानगड वेगळी. त्यांच्या मधोमध फुलपाखराच्या पंखांसारखी काळी सावली पडते, तिला बो-टाय म्हणतात. ती पडते कारण बघणाऱ्याचं डोकंच तिथला उजेड अडवतं. लांबून, मोठ्या फोकल लांबीच्या लेन्सने फोटो काढला की अडथळा लहान होतो आणि बो-टाय आक्रसतो. तुम्ही मात्र अंगठी तोंडाजवळ आणून बघणार. लांबट खडा नुसत्या फोटोवर घेऊ नका. परत करायची सोय नसेल तर बिलकूल नको.

८. मिलिमीटर मोजा

हातातल्या अंगठीचा फोटो मापासाठी निरुपयोगी. बोटं कोणाची, किती बारीक, कॅमेरा किती जवळ, काही कळत नाही. वजनही फसवतं. खोल कापलेल्या खड्याचं वजन पोटात जातं आणि वरून तो लहान दिसतो. रिपोर्टवर मिलिमीटर दिलेले असतात, ते बघा. अर्धा कॅरेट गोल सुमारे ५.१ मिलिमीटर, ८० सेंट सुमारे ६.

माझी युक्ती टिकलीची. टिकल्यांच्या पाकिटातून फुटपट्टीने मोजून पाच आणि सहा मिलिमीटरची टिकली काढा आणि जिची अंगठी आहे तिच्या बोटावर चिकटवा. आमच्या होणाऱ्या वहिनीने पाचची टिकली दिवसभर बोटावर ठेवली आणि संध्याकाळी "एवढाच बास" म्हणून सांगितलं. आम्ही एक कॅरेटच्या गोष्टी करत होतो. तिथेच केवढे तरी पैसे वाचले.

९. विक्रेत्याला काय लिहायचं

फोनवर बोलून उपयोग नाही, व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर लिहा. मी पाठवला तो मेसेज थोडक्यात असा होता:

"नमस्कार. या रिपोर्ट नंबरचा खडा प्रत्यक्ष तुमच्याकडे आहे का, की पुरवठादाराकडून येणार? चिमट्यात धरून फोनवर साधा व्हिडिओ पाठवाल का? एक खिडकीजवळ, एक ट्यूबलाइटखाली, एक काळ्या कापडावर. फिल्टर नको. खडा पांढऱ्या कागदावर आडवा ठेवून बाजूनेही दाखवा. बीजीएम आहे का? परत करायची मुदत किती दिवस, ती पाठवल्या दिवसापासून की मिळाल्या दिवसापासून? परतीचा विमा आणि कुरिअर कोणाकडे? पाकिटाचं सील कापलं तर खडा परत घ्याल का?"

शेवटचा प्रश्न विसरू नका. काही खडे रिपोर्टसकट सीलबंद पाकिटात येतात, आणि सील न कापता तो नीट बघताच येत नाही. माझी तीन आठवड्यांची मेलामेली या एका न विचारलेल्या प्रश्नाची.

एका विक्रेत्याने उत्तरात तोच झगमगता व्हिडिओ पुन्हा पाठवला. दुसऱ्याने आपल्या ऑफिसच्या खिडकीत, मागे चहाचा कप दिसत असलेला, हलणारा, सामान्य व्हिडिओ पाठवला. त्यात खडा छान दिसत होता. मी तो घेतला.

१०. पार्सल आल्यावर

उघडण्याआधीपासून व्हिडिओ सुरू करा. पार्सलच्या सहाही बाजू, सील, मग आतलं पाकीट, एका दमात, न थांबवता.

मग खडा घेऊन घरभर फिरा. खिडकीजवळच्या सावलीत, ट्यूबलाइटखाली, संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली, झाडाखाली कवडशांत. कवडशांत चांगला हिरा वेड लावतो. भर उन्हात मात्र हिरा काळपट दिसतो आणि त्यातून मधेच रंगीत ठिणगी मारतो. तिथे घाबरून परत करू नका, सगळेच असे दिसतात. पावसाळ्यातला, आभाळ भरलेला दिवस रंग बघायला उत्तम. शेवटी एकदा पांढऱ्या कार्डावर, एकदा काळ्या कापडावर. मधला भाग बदलतो का ते तिसऱ्या पायरीत सांगितलंच आहे.

फोनने फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा मोह आवरा. काच वाटेल. मामा विचारतील, "अमेरिकन डायमंड का?"

गर्डलवरचा नंबर वाचायला सराफाकडे जा. आपल्या सराफ बाजारात पिढ्यान्‌पिढ्यांचे जाणते लोक आहेत. ओळखीच्या काकांना स्वच्छ सांगा, "काका, खडा बाहेरून घेतलाय, अंगठी तुमच्याकडेच करणार आहे. नंबर वाचून द्या आणि तुम्हाला काय वाटतं ते सांगा." काम त्यांनाच मिळणार म्हटल्यावर मत सरळ मिळतं. नुसतं फुकट मत मागत फिरलात तर प्रत्येकाला आपल्या दुकानातला खडा जास्त चांगला वाटणारच, त्यात त्यांचा दोष नाही.

एक गैरसमज इथेच मोडते. दुकानातल्या साध्या टेस्टर पेनाने नैसर्गिक हिरा आणि लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला, वेगळे ओळखता येत नाहीत, कारण दोन्ही खरे हिरेच आहेत. फोटोतूनही येत नाहीत. त्यासाठी रिपोर्ट आणि गर्डलवरची अक्षरं बघायची. मोठी रक्कम असेल आणि शंका उरलीच, तर नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईच्या प्रयोगशाळेत जाऊन येणं एका दिवसाचं काम आहे. आधी तिथे चौकशी करून जा.

११. परतीची मुदत संपेपर्यंत खडा कोंदणात बसवू नका

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे. खडा आला, साखरपुडा जवळ आला, दुसऱ्या दिवशी सोनाराकडे. एकदा कोंदणात बसला की परत घ्यायला कोणीही तयार होत नाही. साखरपुड्याच्या किमान दीड महिना आधी खडा मागवा.

पावतीवर रिपोर्ट नंबर, वजन आणि नैसर्गिक की लॅबग्रोन हे शब्दांत लिहून घ्या. सुट्या पैलू पाडलेल्या हिऱ्यावर जीएसटी १.५ टक्के आहे, घडवलेल्या दागिन्यावर ३ टक्के. अंगठीच्या सोन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असतो, १८ कॅरेटला ७५० हा आकडा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कवाल्या दागिन्याला एचयूआयडी सक्तीचा आहे. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. विक्रेता ऐकेनासा झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. मेल आणि व्हिडिओ जपून ठेवायचे ते यासाठी.

आणि अंगठी महिन्याभरात मंद वाटायला लागली तर लगेच फोटोला किंवा सराफाला दोष देऊ नका. हिऱ्याला तेल पटकन चिकटतं, आणि तळावर तेलाचा थर बसला की आतले आरसे बिघडतात, प्रकाश गळायला लागतो. माझ्याकडे फोटोला येणारा प्रत्येक खडा मी आधी धुते. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, लहान मुलाचा मऊ ब्रश, आणि घासायचं ते मागून, कोंदणाच्या खालून. बेसिनचं भोक आधी बंद करा. वहिनी रविवारी थालीपिठं थापून झाली की अंगठी माझ्याकडे देते आणि म्हणते, "घ्या, तुमचा स्टुडिओ करा."